गुडघे टेकणारी गाडी

“एवढी थोरली गाडी, आन् चढायला पायरी न्हाई. म्हाताऱ्या माणसानं काय उडी मारायची?”

मामा माझ्या कानाशी पुटपुटला. दादाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, पण मला ऐकू आल्यावाचून राहू नये इतक्या मोठ्यानं. मामाला हे बेताचं बोलणं चांगलं जमायचं.

आम्ही साताऱ्यातल्या एका हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उभे होतो. वर दुसऱ्या मजल्यावर वृषालीवहिनी आईला तयार करत होती. आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं आणि आज तिला सोडणार होते. माझा थोरला भाऊ जयसिंग, म्हणजे दादा, तिला न्यायला पुण्याहून त्याची गाडी घेऊन आला होता. सामान न्यायला रहिमतपूरहून मी माझी घेऊन आले होते. दोन्ही गाड्या एकमेकींच्या शेजारी लागल्या होत्या. त्याला काही इलाज नव्हता, कारण तेवढीच जागा मोकळी होती. नाहीतर मी जरा लांबच लावली असती.

दादाची गाडी ओल्या पाटीच्या रंगाची. मागे धुराची चार नळकांडी, चाकांच्या आत लालभडक ब्रेक, आणि टायर म्हणजे चाकाला लुगड्याचा काठ लावल्यासारखी नुसती पट्टी. समोरून बघितलं तर गाडी आपल्यावर रागावलीय असं वाटायचं. माझी पांढरी मालवाहू व्हॅन. पुढे दोन सीटा, मागे सपाट पत्रा, बाजूला सरकतं दार आणि त्या दारावर कोंबडीचं चित्र. कोंबडीचा एक पाय एका रिक्षानं खरवडून नेला होता. आमचा अंड्यांचा धंदा. साखरेनं आमच्या ह्यांची नजर अधू झाली तेव्हापासून गाडी मीच चालवायला लागले. शिकवलं कुणी नाही. पोल्ट्रीच्या आवारात फेऱ्या मारून शिकले आणि त्या महिन्यात घरात रोज ऑम्लेट झालं.

“किती माणसं बसत्यात हिच्यात?” मामानं आता मोठ्यानं विचारलं.

“पाच,” दादा काचेवरची धूळ पुसत म्हणाला.

“एवढ्यात पाचच?”

“मामा, ही गाडी माणसं वाहायला नाही केलेली. पळायला केलीय.”

“कुणापासनं?”

दादा हसला. दादाला हसायला यायचं, एवढं त्याचं बरं होतं. भोसरीला त्याचा सुट्या भागांचा कारखाना होता, हाताखाली माणसं होती, पण मामानं टोमणा मारला की तो अजून शाळेतून आल्यासारखा हसायचा.

“पाच सेकंदांत शंभरला जाते, मामा. रतन, तुझी किती वेळात जाते गं?”

“अजून गेली नाही,” मी म्हटलं.

खरं सांगायचं तर आम्हाला तिघांनाही गाड्यांबद्दल बोलायला फार बरं वाटत होतं.

आईला पुण्याला न्यायचं हे नेमकं कुणी ठरवलं, ते मला आजही सांगता येणार नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दादाला आणि मला खोलीबाहेर बोलावलं. हाड जुळेल, पण हृदय फार थकलंय, म्हणाले. “आता जपा. त्यांना आवडेल तसं करा.” डॉक्टर जेव्हा ‘आवडेल तसं करा’ म्हणतात तेव्हा काय समजायचं, ते आम्हा दोघांनाही समजलं. त्यानंतर दादा माझ्याशी फक्त लिफ्टबद्दल, वर-खाली होणाऱ्या पलंगाबद्दल आणि दिवसभराच्या बाईबद्दल बोलला. मीही हो हो म्हणत राहिले. बोलता बोलता आई पुण्याला गेलेलीच होती.

आणि पुण्याला गेली म्हणजे माझ्याकडे परत येणार नव्हती. एवढं मला कळत होतं. ‘राहू दे माझ्याकडे’ म्हणायचं तर पुढचं सगळंच बोलावं लागलं असतं. ते कोण बोलणार?

बाबा गेल्यानंतर आई माझ्याकडे आली ती दोन दिवसांसाठी. त्या दोन दिवसांना सहा वर्षं झाली होती. पण आईनं माझ्या कपाटात कधी लुगडं ठेवलं नाही. तिची निळी पिशवी पहिल्यापासून दाराच्या खुंटीला, भरलेली. धुतलेलं लुगडं घडी करून परत पिशवीत. कुणी आलं की सांगायची, “दोन दिस आलेय लेकीकडं. जायाचंय आता.” शेजारणीही तिला रोज विचारायच्या, “कधी निघालात?” आणि आई म्हणायची, “ह्या आठवड्यात.”

आणि पिशवीहून अवघड तो डबा.

लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मूल झालं की सुटते. मला मूल झालं नाही, त्यामुळे आईची रीत सुटायचं नावच घेईना. तिनं त्यातून वाट काढली. बाबांच्या मागं तिचं दोन एकर रान तिचा धाकटा भाऊ, म्हणजे हा धोंडीराममामा, कसायचा. त्या रानातला जोंधळा मामा पोत्यानं माझ्या घरी आणून टाकायचा. तो आईचा वेगळा दळायचा, तिच्या वेगळ्या पत्र्याच्या डब्यात भरायचा. माझ्या घरात, माझ्या गॅसवर, माझ्या तव्यावर आई सहा वर्षं स्वतःच्या पिठाची भाकरी खात होती. भाजी चालायची. भाजीचं काय करायचं ते तिनं विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

गेल्या दिवाळीला मामाचा फोन आला. “रतने, औंदा जोंधळा पार काळा पडला. खायच्या लायकीचा न्हाई. आता तुझ्यातलंच भर डब्यात. आन् अक्काला बोलू नगंस.” मी भरलं. आई जेवत राहिली. मामा येऊन जाऊन राहिला. आम्ही दोघं डब्याकडं बघायचो नाही एवढंच.

तर ती निळी पिशवी खुंटीवरून काढून, तो डबा, आईची गोधडी असं सगळं मी सकाळी घरून व्हॅनमध्ये घालून आणलं होतं. खुंटी मोकळी झालेली बघून ह्यांनी विचारलं, “खुंटीवर आता काय अडकवायचं?” त्यांना धूसर दिसायचं, पण नको ते नेमकं दिसायचं.

“डिकी उघडतो,” दादा म्हणाला. “आधी हॉस्पिटलचं सामान घालू. मावलं तर तुला पुण्यापर्यंत यायलाच नको.”

त्यानं मागच्या बंपरखाली पाय हलवला आणि डिकी आपोआप वर गेली. मामा दोन पावलं मागं सरला. मग पुढं येऊन त्यानंही पाय हलवून बघितला. डिकी मिटायला लागली. दादानं ती परत उघडली.

आतला गालिचा आमच्या देवघरातल्या आसनापेक्षा मऊ. पण वरून टप उतरता, खाली कुठलीशी मशिनरी. वॉकर आडवा घातला तेव्हा कसाबसा बसला. पाण्याची गादी गुंडाळलेली होती, ती बसली. कमोडची खुर्ची बसेना. उभी घातली, आडवी घातली, उलटी घातली.

“पाच सेकंदांत शंभरला जाती,” मामा माझ्या कानाशी म्हणाला, “पर हागायची खुर्ची मावंना.”

“मामा, मला ऐकू आलं,” दादा म्हणाला.

“ऐकू जायालाच बोललो.”

खुर्ची, वॉकर, गादी सगळं व्हॅनमध्ये गेलं. व्हॅनमध्ये मागच्या चाकांवर कोंबडखाद्याची सहा पोती होती, ती परतताना पोल्ट्रीवर उतरवायची होती. त्यांच्या पुढं हे सगळं सहज बसलं आणि तरी एक मेंढी मावली असती. दादा सरकत्या दारात उभा राहून आत बघत होता. “किती साधी गाडी गं,” तो म्हणाला. वाईट बोलायचं म्हणून नव्हे. कुणी घर बघून म्हणतं ना, छान हवेशीर आहे, तसं.

“वास येतो,” मी म्हटलं.

“तो येतोच.”

आईला व्हीलचेअरवरून खाली आणलं. मागं वॉर्डातल्या मावशी, बाजूला वृषालीवहिनी. आईनं धुतलेलं तपकिरी लुगडं नेसलं होतं, गळ्यात तुळशीची माळ, आणि प्रवासाला निघाल्यासारखं तोंड. मला बघून म्हणाली, “पिशवी घेतलीस?”

“घेतली.”

“डबा?”

“घेतलाय.”

“मग झालं,” म्हणाली. माझ्याकडं न बघता.

आई आजवर ह्या दोन्ही गाड्यांत बसली नव्हती. माझ्या व्हॅनमध्ये बसायची नाही, कारण तिच्या गळ्यात माळ आणि गाडीत अंडी. देवळात जायचं असलं तरी चालत जायची, आणि मी मागून गेले तर हात करून ‘पुढं जा, पुढं जा’ म्हणायची, जशी मी पाठलागच करतेय. आणि दादानं ही गाडी घेतली तेव्हा तो आधी रहिमतपूरला घेऊन आला होता. आईनं गाडीला कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, ओवाळलं. दादा दार उघडून उभा राहिला. “बस की आई, बाजारपेठेतनं चक्कर मारू.” आई म्हणाली, “पुण्याला यायची वेळ ईल तवा बशीन.” त्या दिवशी दादानं दार किती हळू लावलं ते मी बघितलं होतं.

आज ते दार त्यानं परत उघडलं.

“डॉक्टरांनी सांगितलंय, खुबा फार वाकवायचा नाही,” वहिनी म्हणाली. वहिनी बँकेत होती. सांगितलेलं तंतोतंत करणारी बाई. तिच्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. “सीट आधी पूर्ण मागे घे. आणि वर.”

दादानं बटणं दाबली. सीट मागं गेली, वर आली, पाठ कलली. पण गाडी उंच, आणि सीट मधोमध खोल, पळणाऱ्या गाडीत माणूस हलू नये अशी. आईला उचलून चढवायचं तर पाय दुमडणार होता.

“थांबा,” दादा म्हणाला. “अजून एक आहे.”

त्यानं आत वाकून कसलंसं बटण दाबलं. गाडीनं एक सुस्कारा सोडला आणि ती सावकाश खाली बसायला लागली. आधी मागून, मग पुढून. चांगली चार बोटं खाली आली. पार्किंगमधली माणसं बघायला लागली. वॉर्डातल्या मावशींनी तोंडाला पदर लावला.

“आगं, बसली की,” मामा म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

आई बघत होती. “उंट असाच बसतो,” म्हणाली. “ज्योतिबाला बघितला हुता. जयसिंगा, माझ्यासाठी गुडघं टेकलं व्हय रं हिनं?”

“तुझ्यासाठीच,” दादा म्हणाला. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि परत काच पुसली.

मावशी, वहिनी आणि मी, तिघींनी मिळून आईला सीटवर घेतलं. पाय सरळ ठेवायला वहिनीनं खाली उशी दिली. आई सीटमध्ये रुतली. दोन्ही बाजूंनी चामड्याचे फुगवटे, मध्ये आई, पेटीतल्या देवासारखी.

“दुखतंय का?” दादानं विचारलं.

“न्हाई.”

आईला दुखलं की तिच्या ओठाचा डावा कोपरा आत जातो. तो गेला होता. मी दादाकडं बघितलं. दादाही कोपऱ्याकडंच बघत होता. त्याचीही आई होती ती.

त्यानं गाडी चालू केली. चारही नळकांड्यांतून असा आवाज निघाला की पलीकडच्या स्कूटरवरचा माणूस उतरला.

“काय झालं तिला?” आईनं विचारलं.

“काही नाही आई. ती अशीच बोलते.”

“भांडाय उठल्यागत बोलती.”

“एक चक्कर मारून बघू,” वहिनी म्हणाली. “इथल्या इथे. त्रास नाही ना होत, ते आधीच कळलेलं बरं.”

दादा अगदी हळू निघाला. एवढी पळणारी गाडी त्यानं बैलाला पाणी पाजायला न्यावं तशी चालवली. पार्किंगच्या टोकाला गतिरोधक होता. पुढचं चाक चढलं, उतरलं. मला इकडं ऐकू आला तो टप्प असा कोरडा आवाज. त्या टायरच्या पट्टीत वाराच किती असणार? मागचं चाक चढलं, उतरलं. गाडी वळून परत आली. दादा उतरला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. आई आतून म्हणाली, “चांगली हाय गाडी. लई चांगली हाय.” तिनं दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

मग आम्ही गाडीबाहेर उभं राहून गाडीबद्दल बोलायला लागलो.

“कम्फर्ट मोडवर होती का?” वहिनीनं विचारलं.

“होती.”

“हवा कमी केली टायरमधली तर?”

“ह्या टायरमध्ये कमी करून भागत नाही. रिम वाकेल.”

“मागच्या सीटवर आडवं?”

“पाय सरळ नाही राहणार. दार लागणार नाही.”

“मग ॲम्ब्युलन्स—”

“ते नाव नाही काढायचं,” दादा म्हणाला. बाबा घरी आले होते ते ॲम्ब्युलन्समधून, पांढऱ्या चादरीत. आईनं ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवलं होतं, त्या गाडीत मला घालायचं न्हाई. इथं आणली होती तीही शेजाऱ्याच्या जीपमध्ये.

“रतनच्या गाडीत अंडी न्हाई फुटत,” मामा म्हणाला.

“फुटतात,” मी म्हटलं. “शेकड्याला एखाददुसरं जातंच.”

“पर बाकीची ऱ्हात्यात ना?”

“रिकामी असली की ही फार उडते. वजन घातलं की बसते. आज सहा पोती आहेत मागं. पोत्यांवर गादी टाकली तर…” मी थांबले. मी माझ्या गाडीची वकिली करतेय असं मलाच वाटलं. “पण वास आहे. आणि एसी नाही मागं. आणि आई बसणार नाही.”

दादा बराच वेळ दोन्ही गाड्यांकडं आळीपाळीनं बघत होता. “झोपून जाईल ना पण सरळ?” म्हणाला.

“सरळ झोपून जाईल.”

“मग असं करू. आई तुझ्या गाडीत. वृषाली आईजवळ बसेल. तू हळू चालव, मी मागं राहतो. मामाला माझ्याबरोबर घेतो.”

मामा गाडीकडं बघून म्हणाला, “मी आपला रतनसंगं पुढं बसतो.”

वहिनी माझ्याबरोबर व्हॅनमधली पोती सारखी करायला आली. आम्ही दोघींनी ती मागच्या चाकांवर चार आणि पुढं दोन अशी लावली, हातानं थापटून कोंडा बसवला, वर पाण्याची गादी पाणी न भरता घडी करून, वर आईची गोधडी. वहिनीच्या बँकेत जायच्या साडीला कोंड्याची भुकटी लागली. ती झटकत तिनं एकदम हळू आवाजात विचारलं, “रतनताई, तुम्हाला काय वाटतं?”

“गाडीबद्दल?”

तिनं गोधडीचं टोक सरळ केलं. “हो,” म्हणाली. “गाडीबद्दलच.”

“नेईल नीट,” मी म्हटलं.

तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं आणि मला कळलंय हे तिला. पुण्याच्या त्यांच्या घरी, नवव्या मजल्यावर, वर-खाली होणारा पलंग आला होता, बाई ठरली होती, वहिनीनं रजाही टाकली होती. ती सगळं नीट करणार होती. पण नीट करायचं म्हणजे काय करायचं, हे तिलाही कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

आईला आता मोठ्या गाडीतून काढायचं होतं. दादानं बटण दाबलं, गाडी परत खाली बसली. आम्ही तिला व्हीलचेअरवर घेतलं आणि व्हॅनच्या सरकत्या दारासमोर आणलं. आई त्या पाय गेलेल्या कोंबडीकडं बघत होती. मी वाट बघत होते की आता माळेला हात लावेल आणि म्हणेल, मी चालत जाते.

“आत अंडी हायत का?”

“नाहीत. रिकामे ट्रे आहेत.”

“कोंबडी?”

“कोंबडी कधीच नव्हती, आई.”

“मग घाला आत,” म्हणाली.

मावशी, दादा, मी, वहिनी. चौघांनी चादरीच्या चार टोकांनी तिला उचललं आणि गोधडीवर सरळ ठेवलं. पोती कुरकुरली आणि बसली. आईनं एक मोठा श्वास सोडला. ओठाचा कोपरा बाहेर आला. तो बघून दादा म्हणाला, “हं.” बस, एवढंच. स्वतःची एवढी गाडी शेजारी उभी असताना.

वहिनी आत चढून आईच्या पायांशी बसली. मामा पुढं बसायच्या आधी सरकत्या दारात येऊन उभा राहिला. दादा दाराला हात लावून उभा. मी चावी घेऊन पुढं निघाले होते.

“जयसिंगा,” आईनं आतून विचारलं, “किती वेळ लागंल?”

“तीन तास, आई. रतन हळू चालवेल.”

“आन् रहिमतपूरला किती लागतो?”

मी अर्ध्या वाटेत थांबले.

“आई, तिथं लिफ्ट आहे,” दादा म्हणाला. “जिना चढायचा नाही. खाली डॉक्टर आहेत.”

“पलंग आणलाय,” वहिनी म्हणाली. “बटणानं वर होतो. खिडकीतून डोंगर दिसतो तिथून.”

“चांगला हाय तुझा पलंग,” आई म्हणाली. “तूही चांगली हायस.”

मामानं घसा साफ केला. “अक्का, लेकाचं घर हाय ते. आता ह्या वक्ताला लेकाच्याच घरी…” तो थांबला.

“ह्या वक्ताला म्हंजी?”

मामा व्हॅनच्या टायरकडं बघायला लागला. टायर बघण्यासारखा नव्हता.

“रतने,” आई म्हणाली, “डबा दे हिकडं.”

डबा खुर्चीच्या खाली होता. वहिनीनं काढून दिला. आईनं झोपल्या झोपल्या तो पोटावर घेतला, झाकण काढलं आणि चिमूटभर पीठ बोटांत धरून उजेडाकडं केलं.

“ह्यो आपल्या रानातला जोंधळा न्हाई,” म्हणाली. “आपलं पीठ जरा तांबूस आसतंय. आन् भाकरी कडंला तडकती. दिवाळीपासनं तडकंना झालीय. धोंड्या, तूच सांगितलंस ना हिला?”

मामा सत्तरीला आला होता. सगळं गाव त्याला धोंडीराम आण्णा म्हणायचं. तो धोंड्या झाल्यावर कसा दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं.

“तुला कुणी बोललं?” त्यानं विचारलं.

“बोलाया कशाला पायजे? भाकरी थापण्यात जल्म गेला माझा.”

“मग इतकं दिस गप का ऱ्हायलीस?”

“बोलले आसते तर खायाचं बंद कराय लागलं आसतं,” आई म्हणाली. “आन् पोरीनं घासाघासाला माझ्या तोंडाकडं बघितलं आसतं.”

मी मान वर केली नाही. सहा वर्षं रोज दोघी एका ताटाला बसत होतो. दिवाळीपासून तिला माहीत होतं, आणि तिला माहीत असेल अशी शंकाही मला आली नव्हती.

“हिच्या घरचं खाल्लं,” आई मामाला म्हणाली. “रीत मोडली. काय झालं? सांग की. आभाळ पडलं?”

“तसं न्हवं, अक्का. खाणं येगळं…”

“आन् दुसरं काय?”

मामानं उपरण्यानं तोंड पुसलं. दादा खाली बघत होता. वहिनीचा हात आईच्या पावलावर होता, तो तसाच राहिला. पार्किंगच्या टोकाला कुणाची तरी गाडी गतिरोधकावरून गेली.

आईनं डब्याचं झाकण लावलं. तळहातानं दोनदा ठोकून घट्ट बसवलं, जसं ती रोज बसवायची. मग हात दाराकडं केला आणि दादानं तो धरला.

“तुझ्या गाडीत बसले की मी. बसायचं बोलले हुते, बसले. लई गुणाची गाडी हाय, बटण दाबलं की वाकती. पर मला पुण्याला नगंस नेऊ, जयसिंगा. मला रतनच्या घरी मरायचंय. लाव दार.”